शेअर घ्यायचा की नुसतं गिऱ्हाईक राहायचं?

ग्राहक सहकारी भांडारांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या अंकात उत्तरं दिली आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. कायद्याचा उल्लेख जिथे आहे तिथे तो महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चा समजावा.

प्रश्न : आमच्या भागातलं ग्राहक भांडार पाचशे रुपयांचा शेअर घ्या म्हणून मागे लागलं आहे. लाभांश आठ टक्के, म्हणजे वर्षाचे चाळीस रुपये. एवढ्यासाठी फॉर्म, फोटो, आधार देत बसायचं का? (डोंबिवली)

चाळीस रुपयांसाठी नको. शेअरवरचा लाभांश हे भांडाराचं सभासद होण्याचं कारण कधीच नव्हतं. कायद्यानेही लाभांशाला १५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. शिवाय नफ्याचा किमान चौथा हिस्सा आधी राखीव निधीत टाकावा लागतो, वाटप त्यानंतर.

विचारायचं ते हे : भांडार खरेदीवर रिबेट देतं का? म्हणजे वर्षभरात तुम्ही जेवढ्याचा माल घेतला, त्याच्या प्रमाणात नफ्यातला वाटा परत मिळतो का? इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी २८ कामगारांनी १८४४ साली लोणी, साखर, पीठ, ओटचा रवा आणि मेणबत्त्या एवढ्या मालावर दुकान थाटलं. त्या दुकानाचं वेगळेपण याच हिशेबात होतं. ज्याने जास्त भांडवल घातलं त्याला नव्हे, ज्याने जास्त खरेदी केली त्याला जास्त.

उदाहरण घ्या. महिन्याला चार हजारांचं वाणसामान भांडारातून घेतलं, तर वर्षाची खरेदी ४८ हजार. दीड टक्का रिबेट जाहीर झाला तर ७२० रुपये. शेजारी तुमचे ते चाळीस ठेवून पाहा. उलट तुम्ही महिन्यातून एकदा साबण आणि अगरबत्ती घ्यायला जाणार असाल, तर सभासद झालात काय आणि न झालात काय, सारखंच.

रिबेट बिलांवरून ठरतो, म्हणून प्रत्येक बिलावर सभासद क्रमांक पडलाच पाहिजे. काउंटरवर गर्दी असली की तो टाकायचा राहतो आणि वर्षअखेरीस वाद होतो. क्रमांक आधी सांगा, मग पिशवी पुढे करा. भांडार रिबेट देतच नसेल, तर मागच्या तीन वर्षांचे छापील अहवाल मागवून नफा कुठे गेला ते बघा. इमारत निधीत गेला असेल तर ठीक. पण मग ती इमारत दिसली पाहिजे.

प्रश्न : सभासदत्वाचा अर्ज देऊन चार महिने झाले. होकार नाही, नकार नाही. “समितीपुढे ठेवू” एवढंच उत्तर मिळतं. (सातारा)

अर्ज दिल्याची पोच तुमच्याकडे आहे का, यावर सगळं आहे. असेल तर कलम २२ तुमच्या बाजूचं आहे. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. नाकारायचं असेल तर कारणासह लेखी कळवावं लागतं. नकार मिळाला तर दोन महिन्यांच्या आत निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे, अपील करता येतं. अर्जच घ्यायला नकार दिला, तर तो रकमेसह निबंधक कार्यालयात देता येतो आणि तिथून तो संस्थेकडे पाठवला जातो.

पोच नसेल तर हातात काहीच नाही. नव्याने दोन प्रतींत अर्ज करा, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. सोबत दोन फोटो, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, शेअरची रक्कम, प्रवेश फी आणि वारसाच्या नामनिर्देशनाचा फॉर्म. हा शेवटचा कागद बहुतेक जण “नंतर देतो” म्हणतात आणि तो नंतर कधीच येत नाही.

पैशांची पावती म्हणजे सभासदत्व नव्हे. समितीचा ठराव झाला पाहिजे, सभासद नोंदवहीत, म्हणजे ‘आय’ नमुन्यात, नाव चढलं पाहिजे आणि भाग दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, हातात आला पाहिजे. दाखल्यावर ठराव क्रमांक व तारीख आहे का, नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे आहे का, हे तिथल्या तिथे तपासा.

प्रश्न : माझ्याकडे सहा वर्षांपासून एका भांडाराचं सभासद कार्ड आहे. सवलत मिळते, पण वार्षिक सभेची नोटीस एकदाही आली नाही. (पुणे)

कार्ड काढताना किती भरले होते? शंभर-दोनशे रुपये ‘फी’ म्हणून भरले असतील आणि भाग दाखला मिळाला नसेल, तर तुम्ही नाममात्र सभासद आहात. कायद्यात तशी तरतूद आहे. नाममात्र सभासदाला मत नाही, लाभांश नाही, सभेला बसण्याचा हक्क नाही. सवलत आहे, पण तेवढी तर मॉलच्या कार्डावरही मिळते. काही भांडारं हा फरक काउंटरवर सांगत नाहीत. तो सांगायलाच हवा असं आमचं मत आहे.

पूर्ण सभासदाला एक मत असतं, शेअर एक असो वा वीस. वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी आणि नोटीस १४ दिवस आधी. दाखला हातात असूनही नोटीस येत नसेल, तर पत्ता जुना आहे का पाहा. बहुतेक वेळा तेच निघतं.

आणखी एक गल्लत होते. मुंबई ग्राहक पंचायतीच्या कुटुंबांच्या गटांतून महिन्याचं सामान घेणारे काही वाचक आपल्याला ‘सहकारी संस्थेचे सभासद’ म्हणवतात. पंचायत १९७५ साली सुरू झालेली ग्राहकांची स्वयंसेवी संस्था आहे, सहकार कायद्याखालची नाही. तिथे शेअर नसतो. वाटपाला हात लावावा लागतो, आणि माल स्वस्त पडण्यामागे त्या हातांचा मोठा वाटा आहे.

प्रश्न : भांडार तब्येतीने ठीक आहे की आतून पोखरलेलं, हे सामान्य माणसाने कसं ओळखायचं? (नाशिक, सांगली, ठाणे)

शेअर घेण्याआधी मागच्या वर्षीचा छापील अहवाल मागा. सभासद झाल्यावर तर कलम ३२ प्रमाणे ताळेबंद, नफातोटा पत्रक, सभासद यादी आणि सभांची इतिवृत्तं कार्यालयात फुकट पाहता येतात. अहवालात पहिली पंधरा पानं अध्यक्षांचं मनोगत, हारतुरे आणि श्रद्धांजली असते. ती उलटा. पुढच्या चार ठिकाणी थांबा.

मालसाठा. समजा वर्षाची विक्री ३ कोटी ६० लाख आणि ३१ मार्चचा साठा ३० लाख. रोजची विक्री साधारण ९८ हजार ६०० रुपये, म्हणजे साठा तीस दिवसांचा. किराण्याला हे चालतं. हाच आकडा साठ-सत्तर दिवसांवर गेला असेल तर दोन शक्यता असतात. गोदामात न खपणारा माल पडून आहे, किंवा साठा कागदावरच आहे. दुसरी शक्यता पहिलीहून वाईट. साठा कोणी मोजला, कुठल्या तारखेला मोजला, आणि मोजणाऱ्यांत गोदाम सांभाळणाराच होता का, हे सभेत उभं राहून विचारण्यासारखे प्रश्न आहेत.

येणे रकमा. किराणा भांडाराला उधारी पचत नाही. ढोबळ नफा आठ-दहा टक्के, त्यातून पगार, भाडं, वीज, घट. उरतो टक्का-दीड टक्का. एका सभासदाने दहा हजार बुडवले, तर ते भरून काढायला एका टक्क्याच्या हिशेबाने दहा लाखांची विक्री लागते. ‘सभासद उधारी’ किंवा ‘संस्था येणे’ या नावाखाली तीच रक्कम तीन वर्षं जशीच्या तशी दिसली, तर ती गेली असं समजा. संचालकांच्या नावावर उधारी असेल तर अहवाल मिटवा आणि दुसरं दुकान बघा.

व्यापारी देणी. घाऊक व्यापाऱ्यांचं देणं साठ्याहून जास्त असेल, तर भांडार दुसऱ्याच्या मालावर उभं आहे. असा व्यापारी मग दर्जा ठरवतो, भांडार नाही. तूरडाळीत चुरी वाढते ती अशाने.

लेखापरीक्षण. संस्थेला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो. वर्ग अहवालावर ठळक छापलेला असतो, विशेषतः ‘अ’ असला की. वर्गापेक्षा दोषदुरुस्ती अहवाल, म्हणजे ‘ओ’ नमुना, जास्त बोलका. लेखापरीक्षकाने काढलेली त्रुटी काय आणि समितीने तिचं काय केलं, हे त्यात असतं. “यापुढे दक्षता घेऊ” हे वाक्य सलग तीन वर्षं दिसलं तर दक्षता घेतलेली नाही.

कागदाबाहेरची एक परीक्षाही आहे. महिन्याच्या २५ तारखेला, पगाराआधी, भांडारात जा. साखर, तूरडाळ, शेंगतेल, चहा, गव्हाचं पीठ हे पाचही काउंटरवर आहेत का? भांडवल अडकलं की आधी खपाचा माल संपतो आणि फडताळात फिनाइलच्या बाटल्या तेवढ्या उरतात.

प्रश्न : आमच्या संकुलातल्या २४ घरांना एकत्र किराणा आणायचा आहे. संस्था नोंदवावी का? पहिल्यांदा आणला तेव्हा साखर शेवटच्या घराला ७०० ग्रॅम कमी पडली आणि भांडण झालं. (बदलापूर)

नोंदणी एवढ्यात नको. वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण असले की सहकारी संस्थेसाठी अर्ज करता येतो. तुमच्याकडे चोवीस आहेत. पण ‘अ’ नमुन्यातला अर्ज, उपविधींच्या, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांच्या, चार प्रती, भागभांडवल बँकेत ठेवल्याचा दाखला, संस्था कशी चालेल याची योजना आणि पुढे दर वर्षी लेखापरीक्षण, सभा, निवडणूक हा व्याप चोवीस घरांच्या साखरेला झेपत नाही. सहा महिने नुसता खरेदी गट चालवा. अट एकच : घरोघरी वाटायचं, नफा ठेवायचा नाही, बाहेरच्याला विकायचं नाही. वर पैसे लावून कोणालाही विकायला लागलात की तो व्यापार झाला. मग अन्न परवाना, मुद्रांकित काटा, पाकिटावरची लेबलं सगळं लागू होतं.

आता ते ७०० ग्रॅम. चोरी नाही, माप आहे. पन्नास किलोच्या गोणीतून किलो-किलोच्या पिशव्या भरताना प्रत्येक पिशवीला दहा ग्रॅम झुकतं गेलं की पन्नास पिशव्यांत अर्धा किलो जातो. उरलेलं सांडलवंड आणि गोणीच्या शिवणीत अडकलेलं. गोणी बारदानासकट पन्नास होती का, हेही बघा : तागाचं बारदान अर्ध्या किलोच्या वर भरतं, प्लास्टिकचं सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. बिलावर ‘निव्वळ ५०’ असं लिहून घ्या आणि गोणी उघडण्याआधी दोघांसमोर वजन करा. काटा पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा, भाजीवाल्याकडचा तराजू नको. प्रत्येक गोणीमागे अर्धा किलो घट धरूनच मागणी घ्या, उरलं तर पुढच्या महिन्यात वळतं करा. आणि वाटप करणाऱ्यांची घरं यादीत सर्वांत शेवटी. या एका नियमाने निम्मी भांडणं मिटतात.

महिन्याची चाकोरी अशी ठेवा. २० तारखेला दहा-बारा जिनसांची यादी फिरवायची, जास्त नाही. मसाले, बिस्किटं, साबण यांत पडू नका. आवडी चोवीस आणि बचत शून्य. २२ पर्यंत पैसे आगाऊ. पैसे नाहीत तर नाव नाही, मग ते अध्यक्षांचं असलं तरी. दोन व्यापाऱ्यांचे भाव घेऊन २४ ला मागणी, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी वाटप. चार माणसं, दोन तास : एक काट्यावर, एक पिशवी धरायला, एक नावं लिहायला, एक हिशेबाला.

मागणी गोणीच्या पटीत येत नाही, ही खरी डोकेदुखी. तूरडाळीची मागणी ४३ किलो आली आणि गोणी ३० ची, तर ६० आणून १७ किलो कोणाच्या तरी गळ्यात मारू नका. आधीच ठरवा : गोणीचा अर्ध्याहून कमी भाग शिल्लक राहणार असेल तर वरची गोणी आणायची आणि जास्तीचं इच्छुकांत वाटायचं, नाही तर एकच गोणी आणून सर्वांचं प्रमाणात कापायचं. ४३ वर ३० म्हणजे ज्याने दोन किलो सांगितले त्याला १ किलो ४०० ग्रॅम. दोन किलोवाला कुरकुरेल, पण सतरा किलो डाळ टोके पडून फेकण्यापेक्षा बरं.

तेलाचं वेगळं सांगायला हवं. १५ लिटरचा डबा आणि १५ किलोचा डबा शेजारी ठेवले तर सारखेच वाटतात. १५ लिटरच्या डब्यातलं तेल वजनात साधारण १३ किलो ६५० ग्रॅम भरतं. भाव विचारताना कुठला डबा ते आधी विचारा. डबा फोडून बाटल्यांत वाटू नका. सुटं खाद्यतेल विकायला बंदी आहे, आणि तेलात काय मिसळलं यावरून गट फुटलेला कोणालाच नको असतो. बंद पाकिटांचा खोका आणा.

तांदळाची गोणी २६ किलोची का, असंही तुम्ही विचारलं आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या धान्यावर पाच टक्के जीएसटी लागला. गिरणीवाल्यांनी एक किलो वाढवला. हिशेब करताना भाव किलोने काढा, गोणीने नाही.

सहा महिने हे सुरळीत चाललं, घरं साठच्या पुढे गेली आणि जागा मिळाली, तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे जा. अर्जावर दोन महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो.

प्रश्न : भांडारात साखर मॉलपेक्षा दोन रुपये महाग. मग सभासद कशाला? (पनवेल)

मॉलमध्ये साखर पडत्या भावात असते, कारण साखरेसाठी आलेला माणूस ट्रॉली भरून जातो. एका जिनसावरून भाव ठरवू नका. महिन्यात खरोखर लागणाऱ्या पंधरा जिनसांची एकूण बेरीज दोन्हीकडे करा, तीही सारख्या दर्जाची. तरीही भांडार महाग पडलं तर सभेत खरेदी समितीला विचारा : कोटेशन किती मागवली?

प्रश्न : वडील वारले. कपाटात भांडाराचा १९८० च्या दशकातला भाग दाखला सापडला. आज त्याचे किती येतील? (कोल्हापूर)

जेवढे भरले तेवढेच, फार तर. सहकारी शेअरचा भाव वाढत नाही. परत करताना भरलेल्या रकमेच्या वर मिळत नाही, आणि संस्था तोट्यात असेल तर त्याहून कमी. नामनिर्देशन असेल तर मृत्यूदाखला, मूळ भाग दाखला आणि अर्ज देऊन शेअर नावावर करून घ्या, किंवा रक्कम मागा. नामनिर्देशन नसेल तर वारसांची संमती, हमीपत्र, कधी वारस दाखला लागतो आणि पाचशे रुपयांसाठी हजाराचा खर्च होतो. न दिलेला लाभांश शिल्लक आहे का, तेही विचारा.

जिवंतपणी राजीनामा देणाऱ्यांनाही पैसे लगेच मिळतील असं नाही. एका वर्षात किती भागभांडवल परत करायचं याला मर्यादा आहे. माजी सभासदावर त्याच्या काळातल्या देण्यांची जबाबदारी दोन वर्षं राहते, अर्थात शेअरपुरतीच.

प्रश्न : गोवा बागायतदारच्या दुकानातून आम्ही सगळं सामान घेतो. फ्लॅटवाल्यांना सभासद होता येतं का? (मडगाव)

ती मुळात बागायतदारांची खरेदी-विक्री संस्था आहे. सुपारी, नारळ, काजू पिकवणाऱ्यांसाठी उभी राहिलेली. किराणा दुकानं हा तिचा दुसरा हात. माल कोणीही घेऊ शकतो. सभासदत्वाची पात्रता तिच्या उपविधींत पाहावी. तिथे गोव्याचा २००१ चा सहकार कायदा लागू होतो, वर दिलेली कलमं नाहीत.

प्रश्न : मुलगी ब्रुकलिनला आहे. तिथलं पार्क स्लोप फूड कोऑप सभासदाकडून काम करून घेतं म्हणते. हे खरं? (मुलुंड)

खरं. १९७३ पासूनचं ते भांडार आहे आणि खरेदी फक्त सभासदालाच करता येते. २५ डॉलर प्रवेश फी, ती परत मिळत नाही. १०० डॉलर गुंतवणूक, ती सोडताना मिळते. शिवाय साधारण सहा आठवड्यांनी पावणेतीन तासांची पाळी : माल लावणं, चीज कापणं, गल्ल्यावर बसणं, झाडलोट. घरातल्या प्रत्येक प्रौढाने सभासद व्हायचं. “नवरा सभासद, मी फक्त पिशवी उचलते” चालत नाही. अमेरिकेतली बहुतेक फूड कोऑप अशी नाहीत. तिथे काम सक्तीचं नसतं आणि बिगरसभासदही खरेदी करतात. तिने आधी पाळ्यांचं वेळापत्रक बघावं, भाव नंतर.

प्रश्न : भांडाराच्या रव्याच्या पाकिटावर तारीख दहा दिवसांपूर्वीची, तरी आत किडे. सभासद म्हणून काय करावं? (रत्नागिरी)

पाकिटावरची तारीख भांडाराने पाकीट भरल्याची आहे. गोणी गिरणीतून कधी निघाली ते तिच्यावर नाही. रव्यात किड्याची अंडी बहुधा गोणीतच असतात. दमट उबदार हवेत महिन्याभरात त्यांचे किडे होतात. दीड महिना पडलेली गोणी फोडून आज पाकिटं भरली, की तारीख ताजी आणि रवा चालता.

पाकीट रिकामं करून टाकू नका. बिल आणि त्याच तारखेचं दुसरं, न फोडलेलं पाकीट घेऊन जा. ते काउंटरवरच उघडायला लावा. दोन्हीत किडे असले तर दोष गोदामाचा, तुमच्या डब्याचा नाही. तक्रारवहीत पाकिटाची तारीख लिहा आणि मूळ गोणीवरची तारीख विचारा. मग गोदाम दाखवा म्हणा. गोण्या जमिनीवर नसून फळ्यांवर आहेत का, भिंतीपासून हातभर लांब आहेत का, आणि आधी आलेली गोणी पुढे आहे की नव्या थप्पीमागे दडपलेली, एवढं पाहिलं तरी कारण सापडतं. जून ते सप्टेंबर रवा, पोहे, बेसन वीस दिवसांपुरतेच मागवावेत आणि पाकिटावर गोणीची तारीखही छापावी, अशी लेखी सूचना सचिवांकडे द्या, पोच घ्या. घरचा रवा तोवर मंद आचेवर भाजून, पूर्ण गार करून, कोरड्या डब्यात भरा. गरम असताना झाकण लावलं तर आत घाम सुटतो आणि आठ दिवसांत बुरशीचा वास येतो.